अमेरिकेचा जुना नकार, कॅनडाची फाइल आणि माझे १,७५,००० रुपये

कॅनडाच्या स्पाउस (जोडीदार) व्हिसाची फाइल करून देणाऱ्या एका कन्सल्टंटला मी १,७५,००० रुपये मोजले. ७५,००० खात्यावर, १,००,००० रोख. बदल्यात मिळाली पाच वर्षांची कॅनडाबंदी. नाव इथे देत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. पण ही जमात तुम्हाला ठाऊक आहेच: भिंतीभर मेपलची पानं आणि तोंडात "ताई, तुमची फाइल म्हणजे घरचीच समजा."

२०१९ मध्ये मला अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला होता. तिथल्या कायद्याच्या कलम २१४(बी) खाली, म्हणजे ही बाई परत येईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. हा शेरा किती जणांना मिळतो ते सांगायला नको. २०२४ मध्ये नवऱ्याने मला स्पॉन्सर केलं, तो कॅनडात पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे. कन्सल्टंटला मी हा नकार पहिल्याच भेटीत सांगितला होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, "का लपवलंत?"

शेड्यूल ए या फॉर्मवर सरळ प्रश्न असतो: कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का? त्यावर हा मला म्हणाला, "अमेरिकेचं कॅनडाला काय करायचंय? पासपोर्टवर शिक्का आहे का? मग कशाला फाइल अडकवता?" मी मानलं, उत्तर ‘नाही’ गेलं. ज्याला पैसे देतो त्याचं ऐकायचं नाही तर कोणाचं? पण कॅनडा तुमच्या बोटांचे ठसे घेतो आणि अमेरिकेशी त्याचा माहिती देवाणघेवाणीचा करार आहे. शिक्का असो वा नसो, त्यांना दिसतंच.

डोक्यात घंटा वाजायला हवी होती ती वेगळ्याच ठिकाणी. सहीसाठी त्याने व्हॉट्सॲपवर फक्त शेवटचं पान पाठवलं. मी विचारलं, "प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव कुठे आहे?" तर म्हणे, "आमचं नाव आलं की फाइल लांबते." तिथेच उठून यायचं होतं! दीड लाखाच्या वर घेणारा माणूस फॉर्मवर स्वतःचं नाव घालायला तयार नाही, म्हणजे काय ते मला आता कळतंय. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार फक्त तिथल्या वकिलांना, वकिली संस्थांच्या पॅरालीगलना, क्युबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांना आहे. यादी ऑनलाइन आहे, नाव टाकून बघा. फुकट आहे.

कॅनडाच्या ऑनलाइन अर्जाच्या खात्याला ईमेलही त्याचाच होता. त्यामुळे खुलासा मागणारं पत्र त्याच्याकडे गेलं. आम्हाला न विचारता त्याने "टायपिंगची चूक" असं उत्तर ठोकून दिलं. मग कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली नकार: खोटी माहिती. फाइलमधल्या अधिकाऱ्याच्या नोंदी नवऱ्याने ५ डॉलर भरून मागवल्या. त्यात लग्नाबद्दल एक शंका नाही. अडलं ते त्या एका ‘नाही’वर. खरं सांगितलं असतं तर नुसत्या जुन्या टुरिस्ट नकारावरून बायकोची फाइल पडली नसती. कॅनडाची १,२०५ डॉलर फी भरली ती वेगळीच.

आता पोलीस. "सही तुमचीच ना? पैसे स्वतःहून दिलेत ना? मग दिवाणी मामला आहे." भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मी साहेबांना वाचून दाखवायचं का? रोख रकमेचा पुरावा म्हणे आणा. पावती आहे फक्त ७५,००० ची, तीही ‘डेटा एंट्री’ची. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं, आम्ही फक्त नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटांचं बघतो, नवऱ्याकडे जाणाऱ्यांचं नाही. तिसरीकडे अर्जावर पोच द्यायलाही खळखळ. मी गुन्हेगार असल्यासारखे प्रश्न, आणि तो मात्र एसीत बसून पुढची फाइल घेतोय! पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मी तिथेच दाद मागितली आहे.

रोख देऊ नका. कोऱ्या किंवा सुट्या पानावर सही तर मुळीच नको.

खोट्या माहितीवरून नकार आला तर बहुतेकांना अपिलाची दारं बंद होतात, पण नवरा-बायकोच्या प्रकरणात स्पॉन्सर अपील करू शकतो. मुदत ३० दिवसांची. आमचं दाखल आहे, तिथल्या वकिलामार्फत.

आणि ज्यांची फाइल अजून अशाच कोणाच्या हातात आहे त्यांनी आजच पासवर्ड मागा, पाठवलेला शेड्यूल ए डाउनलोड करा आणि तो प्रश्न बघा. तिथे चुकीचं ‘नाही’ असेल तर परवानाधारकाला दाखवून निर्णय येण्याआधी कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या वेबफॉर्मवरून दुरुस्ती कळवा. कन्सल्टंट "काही गरज नाही" म्हणेल. म्हणू दे.