गजक की डार्क चॉकलेट?

दूध आणि सोया दोन्ही वर्ज्य असलेल्यांना ग्वाल्हेरची थंडी मानवते. तीळ आणि गूळ कुटून केलेली खुसखुशीत गजक तेव्हा सगळीकडे असते. शेजारच्या मुरैन्याच्या गजकेला तर २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. सुटी गजक घेताना मावा किंवा तूप आहे का, हे विचाराच. ‘शुद्ध देशी तुपातली’ अशी पाटी दिसली की पुढचं दुकान गाठा.

चॉकलेटच्या वेष्टनावर सगळं छापलेलं असतं, पण वाचून हिरमोड होतो: बऱ्याच डार्क चॉकलेटांत सोया लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ, वेष्टनावर क्रमांक ३२२), काहींत दुधाची भुकटीही. सूर्यफुलाचं लेसिथिन वापरलेली मिळतात, महाग पडतात. मे महिन्यात तीच आणा, फ्रीजमध्ये ठेवून. डिसेंबरात मात्र मी त्यांच्याकडे बघतही नाही.