टीवर ड्रायव्हर काढायचा की थ्री-वूड?

गोल्फमध्ये टीवरून (बॉल ठेवायच्या खुंटीवरून) मारलेला बॉल सारखा उजवीकडच्या झाडीत जायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बॅगेतच राहू दे, थ्री-वूड (त्याहून आखूड क्लब) मार." निम्म्या खेळाडूंना तो लागू पडतो. उरलेल्यांचा बॉल थ्री-वूडनेही झाडीतच जातो, फक्त वीस यार्ड अलीकडे. तुम्ही कोणत्या गटात आहात ते कळायला दहा मिनिटं पुरतात. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.)

दुकानातला ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंच लांब असतो, लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागचा कल) ९ ते १२ अंश, डोकं बहुतेकदा ४६० घन सेंटिमीटर, म्हणजे नियमात बसतं तेवढं मोठं. थ्री-वूड ४३ इंचांच्या आसपास, लॉफ्ट १५ अंश, डोकं निम्म्याहून लहान. शाफ्ट (दांडा) आखूड असल्यामुळे बॉल फेसच्या मधोमध लागणं सोपं जातं. लॉफ्ट जास्त म्हणजे बॅकस्पिन (बॉलची मागे फिरणारी फिरकी) जास्त, त्यामुळे फेस तेवढाच उघडा राहिला तरी बॉल कमी वळतो. शिवाय अंतर कमी पडतं, त्याचाही फायदाच होतो. ३० यार्ड रुंद फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध नेम धरला आणि बॉल ४ अंश भरकटला, तर २३० यार्डांवर तो मध्यापासून १६ यार्ड दूर, म्हणजे रफमध्ये (वाढलेल्या गवतात). २१० यार्डांवर तोच बॉल पावणेपंधरा यार्डांवर, जेमतेम का होईना, फेअरवेत.

त्या २० यार्डांची किंमत पुढच्या फटक्याला मोजावी लागते. ३३० यार्डांच्या पार-४ वर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) ती काहीच नाही. ३८० यार्डांच्या होलवर मात्र सेव्हन-आयर्नच्या जागी फाइव्ह-आयर्न (जास्त लांबचा, नेमाला अवघड क्लब) हातात येतं आणि ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) सापडणं अवघड होतं.

आता ती दहा मिनिटं. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर रुपयाएवढा ठिपका काढा, तो फेसकडे येईल असा बॉल टीवर ठेवा आणि मारा. शाई फेसवर उमटते. पाच बॉल मारा, दर वेळी ठसा बघून पुसा.

ठसे हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला असतील तर दोष फटका लागण्याच्या जागेचा आहे. ड्रायव्हरचा फेस फुगीर असतो. हीलला लागलेला बॉल डोकं किंचित फिरवतो आणि स्वतः उलट फिरकी घेऊन उजवीकडे वळतो. कित्येक जण याला स्विंगमधला स्लाइस (बॉल उजवीकडे वळवणारा दोष) समजून महिनोन् महिने ग्रिप बदलत बसतात, याचं वाईट वाटतं. या गटाला आखूड क्लबने लगेच फरक पडतो.

ठसे मधोमध आणि तरीही बॉल वळतोय? मग फेस स्विंगच्या मार्गापेक्षा उघडा राहतोय आणि क्लब बदलून ते सुटणार नाही. बॉलसमोर पवित्रा घेतल्यावर खाली बघा: डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची मुळं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे फिरवून धरा. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत हवा. त्याहून पुढे ठेवला की खांदे आपोआप डावीकडे उघडतात आणि क्लब बाहेरून आत येतो.

हीलवाल्यांनी थ्री-वूडवर जाण्याआधी तिसरा पर्याय जरूर बघावा: तोच ड्रायव्हर एक इंच खाली धरून. मोठं डोकं राहतं, लांबी घटते. दुकानात शाफ्ट कापून घेण्याची घाई करू नका. एक इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) सुमारे सहा अंकांनी उतरतं, डोकं हातात जाणवेनासं होतं, आणि ते भरून काढायला डोक्यावर दहा-बारा ग्रॅम लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावावी लागते. होझलवर (डोकं शाफ्टला जोडणाऱ्या मानेवर) लॉफ्ट बदलायची सोय असेल तर एक अंश वाढवून बघा. त्याने फेसही थोडा बंद होतो.

थ्री-वूड निवडलात तर टी खाली दाबा. ड्रायव्हरला अर्धा बॉल डोक्याच्या वर दिसावा इतकी उंच टी लागते. थ्री-वूडला जमिनीपासून सेंटिमीटरभर पुरे. ड्रायव्हरच्या उंचीवर ठेवला की डोकं बॉलखालून जातं, बॉल आभाळात चढतो आणि क्लबच्या वरच्या रंगावर पांढरा ओरखडा कायमचा राहतो.

निकाल रेंजवर (सरावाच्या मैदानावर) लावा. एकमेकींपासून तीस यार्डांवर असलेल्या दोन खुणा ठरवा आणि तिन्ही प्रकारांनी दहा-दहा बॉल मारा, पण आलटूनपालटून. एकच क्लब सलग मारला की हात सरावतो आणि आकडे फसवतात. सगळ्यात चांगला बॉल विसरा. सगळ्यात डावा आणि सगळ्यात उजवा यांतलं अंतर लिहा. आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेलेला बॉल म्हणजे एक पेनल्टी आणि टीवरून तिसरा फटका, तेव्हा दहात दोन बॉल तसे जात असतील तर वीस यार्डांचा मोह सोडलेला बरा.

जमीनही बघा. २००६ च्या ओपन स्पर्धेत इंग्लंडमधल्या हॉयलेकला फेअरवे उन्हाने करपले होते, बॉल घरंगळत लांब जात होता. टायगर वूड्सने आठवडाभरात ड्रायव्हर एकदाच काढला आणि जिंकला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कडक जमिनीवर थ्री-वूड असाच पळतो. जुलैत, चिखलात, बॉल पडतो तिथेच रुततो. तेव्हा एक इंच खाली धरलेला ड्रायव्हर काढा.