दोन टीबीचा म्हणून घेतलेला ड्राइव्ह

सर्टिफिकेशनच्या सरावासाठी घरच्या लॅपटॉपवर आभासी संगणकांची लॅब उभारताना १६ जीबी रॅम पुरत होती. कमी पडत होती ती डिस्कवरील जागा. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती आणि असे आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही विनामूल्य मिळतात, तेव्हा खर्च एकाच वस्तूवर करायचा असे ठरवून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून २ टीबीचा एक्सटर्नल एसएसडी मागवला. त्याची किंमत इतरांपेक्षा बरीच कमी होती आणि तिथेच मी थांबायला हवे होते.

जोडताक्षणी विंडोजने २ टीबी दाखवले, क्विक फॉरमॅटही निर्विघ्न झाले. परंतु दिसणारी क्षमता म्हणजे ड्राइव्हमधील कंट्रोलर चिपने संगणकाला कळवलेला आकडा असतो. फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्या चिपच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार केला की ती हवा तो आकडा कळवू शकते, आणि क्विक फॉरमॅट फाइल सिस्टिमची प्राथमिक मांडणी तेवढी लिहिते, सगळी जागा तपासत नाही.

व्हर्च्युअल मशीनमुळे ही लबाडी आणखी लपली. डायनॅमिक प्रकारची आभासी डिस्क ५० जीबीची ठरवली, तरी प्रत्यक्ष भरलेला भागच जागा व्यापतो. त्यामुळे तीन आठवडे सारे सुरळीत चालले. मग तिसरे मशीन आणि काही स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या क्षणीच्या जतन केलेल्या स्थिती) वाढले आणि एका सकाळी डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कमधील वापरकर्त्यांची व संगणकांची ओळख सांभाळणारे सर्व्हर मशीन, सुरूच होईना.

मी दोष स्वतःलाच दिला. डीएनएसची (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) मांडणी चुकली असेल, मशीन अयोग्य रीतीने बंद केले असेल, अशा समजुतीने मी तो डोमेन कंट्रोलर चार वेळा नव्याने उभारला. विक्रेत्याने तर ‘तुम्ही फॉरमॅट चुकीचे केले असेल’ असे कळवले, आणि शिकाऊ माणसाला ते सहज पटते! या खटाटोपात परत करण्याची मुदत उलटून गेली. पैशांपेक्षा ते वाया गेलेले आठवडे मला अधिक लागले.

अखेर एच२टेस्टडब्ल्यू हे साधन चालवले. ते रिकामी जागा पूर्ण भरून लिहिते आणि लिहिलेले जसेच्या तसे परत मिळते का, हे पाहते. लिनक्सवर हेच काम एफ३ करते. वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास असल्याने नुसत्या लिहिण्यालाच १८ तासांहून अधिक लागले, आणि खरी निघाली ती जेमतेम ६० जीबी. त्यापुढचे सर्व लेखन निकामी होते. कवच उघडले, तर आत सर्किटला चिकटवलेले एक मायक्रोएसडी कार्ड होते.

दुसरा ड्राइव्ह हाती येताच, रिकामा असतानाच, परतीच्या मुदतीत ही चाचणी पूर्ण केली आणि मगच त्यावर पहिले मशीन बनवले. उभारणीच्या माझ्या आधीच्याच टिपणांवरून, एकही पायरी न बदलता उभारलेला डोमेन कंट्रोलर पहिल्याच प्रयत्नात चालू झाला.