सिंगापूर–न्यूयॉर्क थेट विमान: १५,३०० किमी, साधारण साडेअठरा तास

सिंगापूर एअरलाइन्सच्या या सेवेचं विमान एअरबस ए३५०-९००यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्याचं. जादा इंधनाचं वजन पेलण्यासाठी सीट फक्त १६१: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच, त्यामुळे तिकीट महाग. पण पाय पसरायला मिळणारी जागा खरंच मोलाची!

अंतराला ताशी ९०० किमीने भागून वेळ काढू नका. सतरा तास येतात आणि गणित फसतं. वैमानिक वारा पाहून मार्ग निवडतात, कधी पॅसिफिकवरून, कधी अटलांटिकवरून; शिवाय धावपट्टीपर्यंतचा वेळ वेगळा.

एकटे असाल तर प्रीमियमच्या मागच्या ओळींतली खिडकीजवळची एकेरी सीट आधीच पकडा. पुढच्या विमानाची जोडणी ठरवताना घड्याळातला फरक उन्हाळ्यात १२, हिवाळ्यात १३ तास धरा.