तरोडीचा फ्लॅट की पट्ट्यावर स्वतःचं घर?

शेजारच्या वहिनी दोन महिन्यांपासून ह्याच कोड्यात आहेत, म्हणून लिहितोय. दोन्ही पर्याय पंतप्रधान आवास योजनेतलेच (2015 पासूनची), एक म्हणजे नागपूरच्या कडेला तरोडीसारख्या ठिकाणी एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बांधलेला फ्लॅट, दुसरा म्हणजे झोपडपट्टीत पट्टा (जागेच्या हक्काचा सरकारी कागद) मिळालेला असेल तर त्याच जागेवर स्वतः बांधायचं.

पैसा बघा. अनुदान दोन्हीकडे सारखंच, केंद्राचे दीड लाख अन् राज्याचा एक, मिळून अडीच लाख. फ्लॅटमध्ये बाकीची रक्कम कर्जातून, म्हणजे हप्ता मागे लागला. पट्ट्यावर जागेचा खर्च नाही पण अडीच लाखात आजकाल स्लॅब तरी पडतो का भाऊ? अन् हे पैसे एकदम येत नाहीत, पाया, जोतं, छत असं काम पुढे सरकेल तसा जिओटॅग फोटो (ठिकाणाची नोंद असलेला) काढतात मग अनुदानाचा हप्ता, तोवर सिमेंटवाल्याची उधारी तुमच्या डोक्यावर, वरून नागपूरच्या मे महिन्यात भाड्याच्या टिनाच्या खोलीत राहायचं.

मेहनत? फ्लॅटला फक्त कागद आणि सोडत. घर बांधताना मिस्त्रीमागे रोज धावा.

पण फ्लॅट साधारण 30 चौरस मीटरचा, पोरगा मोठा झाला तरी तेवढाच, पट्ट्यावर पुढेमागे वरचा मजला चढवता येतो (मंजुरी घ्या, बापा).

वहिनी चार घरी धुणीभांडी करतात, सगळी कामं वस्तीजवळ, त्यांनी पट्टाच धरावा. ज्यांच्याकडे पट्टा नाही, पगार ठरलेला अन् गाडी आहे, त्यांना फ्लॅट बरा.