सूत्र उलटवायला शिकवणारी दहा दिवसांची शिकवणी : एका पालकाचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मे महिन्यात, उन्हामुळे सकाळी साडेसहा ते आठ या वेळात भरलेल्या गणिताच्या शिकवणीला माझी मुलगी जात होती. ती आता नववीत जाईल. शुल्क 300 रुपये आणि विषय एकच, सूत्रातील हवे ते अक्षर एका बाजूला एकटे करणे. दोन दिवस मीही मागे सतरंजीवर बसून पाहिले.

शिकवण्याची रीत मला मनापासून आवडली. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे पाठांतर सरांनी पहिल्याच दिवशी बंद केले आणि दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायला लावली. क्रियांचा क्रम त्यांनी कापूस भरलेल्या बैलबंडीवरून समजावला: भरताना शेवटी जो दोर आवळला, तोच उतरवताना आधी सोडावा लागतो. सेल्सिअस काढताना फॅरनहाइटमधून 32 वजा करतात, मग 5 ने गुणतात आणि शेवटी 9 ने भागतात. म्हणून उलट येताना आधी 9 ने गुणायचे, मग 5 ने भागायचे आणि 32 सर्वांत शेवटी मिळवायचे. त्या दिवशीच्या 45 अंशांचे 113 फॅरनहाइट झाले. माझ्या मुलीने 32 आधीच मिळवले, त्यामुळे तिचे उत्तर 138.6 आले. सर रागावले नाहीत. तेच उत्तर मूळ सूत्रात घालून पाहा, एवढेच म्हणाले. सेल्सिअस 59 च्या वर निघाल्यावर ती स्वतःच हसली.

तक्रार आहे ती एकच अक्षर दोनदा येणाऱ्या सूत्रांबाबत. दीड वर्षाने दरसाल 7 टक्के सरळव्याजासह 13,260 रुपये फेडले, तर मुद्दल किती, हा आमच्यासारख्या कर्जदारांच्या घरातला प्रश्न आहे. रास म्हणजे मुद्दल अधिक व्याज आणि व्याजातही मुद्दल असते. म्हणून ते सामाईक काढून कंसाबाहेर घ्यावे लागते. ‘पुढे पाहू’ म्हणून सरांनी हे सोडले आणि दहा दिवस संपले. दीड वर्षात 100 रुपयांचे 110.5 होतात, म्हणून शेवटी घरीच आम्ही राशीला 100 ने गुणून 110.5 ने भागले, तेव्हा 12,000 मिळाले.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुटीत भरणार असे कळते. ते कापूस वेचणीचे दिवस असल्याने सकाळी मुले शेतात असतात; वेळ संध्याकाळची ठेवावी.