गोड फ्रेंच टोस्ट की तिखट अंडा-ब्रेड?

लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेल्या माझ्या भाच्याचा परवा सकाळी फोन आला. "मावशी, ब्रेड हाय, सहा अंडी हायेत. गोड करू का तिखट?" क्लास सातला, मेसचा नाश्ता त्यानंतर. घरी असता तर चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर पोहे पुढ्यात आले असते. फोनवर घाईत सांगितलं, इथे नीट सांगते. त्याच्यासारखी एक शेगडी आणि एक तवा घेऊन राहणारी पोरं आपल्याकडे घरोघरची आहेत.

आधी गोड, म्हणजे खरा फ्रेंच टोस्ट. चार स्लाइसना दोन अंडी, अर्धी वाटी दूध, दोन चमचे साखर, थोडी वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ टाळू नका, त्याने गोडाला चव येते. साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटा. तळाशी राहिली तर ती शेवटच्या स्लाइसला चिकटते, तव्यावर करपते आणि कडू लागते.

याचा सगळा जीव ब्रेडमध्ये आहे, आणि तो कालचा हवा. फ्रेंचमध्ये याला 'पॅं पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला ब्रेड. आपण शिळी भाकरी कुस्करून फोडणी देतो, त्यातलंच हे. पाहुण्यांसाठी मी एकदा ताज्या, लुसलुशीत ब्रेडचे करायला गेले. स्लाइस दुधातून उचलली तर अर्धी हातात आणि अर्धी ताटलीत. शिळा ब्रेड दूध पितो तरी उभा राहतो. फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, कारण थंडीत त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. सँडविचला तो नको वाटतो, इथे मात्र नेमका तोच कामाचा. पावसाळ्यात एका स्लाइसवर जरी बुरशीचा ठिपका दिसला तरी अख्खा पुडा टाकून द्या.

प्रत्येक बाजू वीसेक सेकंद भिजवा, मग तुपावर, मंद ते मध्यम आचेवर भाजा. बटरमधला दुधाचा अंश लवकर जळतो, तुपात तो नसतो. गॅस मोठा केला की साखरेमुळे वरून तपकिरी रंग येतो आणि आतलं अंडं कच्चंच राहतं. बोटाने मधोमध दाबून पाहा. लिबलिबीत लागलं तर अजून एक मिनिट ठेवा.

आता तिखट. याला कुणी अंडा-ब्रेड म्हणतं, कुणी ब्रेड ऑम्लेट. तीन अंडी, एक लहान कांदा, दोन हिरव्या मिरच्या, हळद, मीठ आणि मूठभर कोथिंबीर. दूध नाही, त्यामुळे ब्रेड ताजा असला तरी चालतो. भिजवायचा नसतो, नुसता दोन्हीकडून बुडवून काढायचा. कांदा मात्र अगदी बारीक हवा. जाड चिरलेला कांदा उलटताना सुटतो आणि तव्यावर वेगळाच जळत बसतो. मी स्लाइस तव्यावर ठेवते, वाटीत उरलेला कांदा-मिरचीचा गाळ चमच्याने वरून पसरते, उलथन्याने हलकेच दाबते आणि अंडं धरलं की मगच उलटते. मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर कांद्याला पाणी सुटून अंडं पातळ होतं. तेल घाण्यावरचं करडीचं मिळालं तर उत्तम. कोथिंबिरीत हात आखडू नका. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथे राहून सुकलेली काडी कशाला वापरायची?

पोट भरण्याच्या बाबतीत फार फरक नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. गोडात अंडं एक कमी, पण दूध थोडी भर घालतं. वेळेत फरक पडतो. गोडाला चिराचिरी नाही, पण मंद आचेवर उभं राहावं लागतं. तिखटाला आधी चिरणं आलं, मग भाजणं झटपट. डब्यासाठी गोड नकोच, झाकणाखाली वाफ धरून त्याचा लगदा होतो. आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात अंड्याचा कुठलाच पदार्थ चार-चार तास डब्यात ठेवू नये. करायचं आणि गरम खायचं.

घरात अंडं न खाणारी आजी असेल तर तवा वेगळा ठेवावा लागतो, हे दोन्हींना लागू. श्रावणात मी तिखटाचं बेसनावर करते, पीठ चमच्यावरून ओघळेल इतकं पातळ. ते छान होतं. गोडाला कस्टर्ड पावडर आणि दूध चालतं, पण अंड्याचा मऊपणा त्यात येत नाही.

माझ्या मनाला विचाराल तर गोडच, वेळ असेल तेव्हा. कडा तुपात कुरकुरीत आणि मधे खरवसासारखा मऊ, असा टोस्ट तिखटात मिळत नाही. पण भाच्याचा ब्रेड आदल्या संध्याकाळीच आणलेला, अजून मऊच होता आणि घड्याळात साडेसहा वाजत आले होते. मी त्याला तिखटच करायला लावलं. उरलेल्या चार स्लाइस फ्रिज नसल्याने कागदात सैल गुंडाळून ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता.